काकूंचं कुलूप

"आधी बोल, मग उघडेल," असं काकू म्हणायच्या आणि फोन कानाला लावून गप्प बसायच्या. पलीकडे कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर घामाघूम झालेलं असायचं.

तुम्ही म्हणाल, काय उघडेल? कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी शाळेसाठी काकूंनी आपल्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. आळशी न्हाव्याची, कोल्ह्याच्या बारशाची, अशा पुष्कळ. त्या शाळेच्या वेबसाइटवर होत्या, पण कुलूपबंद. प्रत्येक गोष्टीला पासवर्ड, आणि तो फक्त काकूंकडे. आईबापांनी मागितला तर मिळत नसे. मुलानं स्वतः फोन करायचा, दोन वाक्यं मराठीत बोलायची, मग काकू पासवर्ड सांगणार. दिवसभर ऑफिसात मोठमोठ्या कंपन्यांची कॉम्प्युटरमधली कुलपं सांभाळणारे आम्ही काकूंपुढे हात टेकले होते. माझ्या लेकीनं एकदा "आजी, कॅन यू प्लीज" अशी सुरुवात केली, तर काकूंनी इकडचंतिकडचं विचारत तिच्याकडून आमटीची अख्खी कृती वदवून घेतली.

मग शाळेला नवा अध्यक्ष मिळाला. तरुण, पुण्याचा, ज्ञान सर्वांना खुलं हवं असं व्रत घेतलेला. मीटिंगमध्ये त्यानं स्लाइड्स दाखवल्या.

"काकू, कंटेंट ओपन केला तर जगभर पोचेल. लॉक करून आपण कुणाला प्रोटेक्ट करतोय?"

"फुकट द्यायला माझी ना नाही रे," काकू म्हणाल्या. "पण दार सताड उघडं असलं की कुणी हाक मारत नाही."

वाक्य सगळ्यांना फार आवडलं. टाळ्या वाजल्या, आणि ठराव काकूंच्या विरुद्ध मंजूर झाला.

गोष्टी धो धो ऐकल्या गेल्या. अध्यक्षाचं काही खोटं नव्हतं. जिथे मराठी शाळाच नाही अशा गावातल्या एका आईचा निरोप वाचून काकूंचेही डोळे भरले. पण त्यांचा फोन वाजेनासा झाला. एका रविवारी मी डबा परत द्यायला गेलो, तर फोन समोर ठेवून बसलेल्या. "बॅटरी उतरतच नाही हल्ली," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढे त्यांनी सगळ्या गोष्टी पुन्हा रेकॉर्ड केल्या आणि आपण होऊन खुल्या ठेवल्या. फक्त मध्येच थांबून ऐकणाऱ्याला काहीतरी विचारायच्या, आणि मग बराच वेळ शांतता. बिघाड समजून अध्यक्षानं त्या जागा कापायला घेतल्या. काकूंनी त्याला फोन केला. "बाकी सगळं जगाचं. तेवढी शांतता माझी राहू दे," म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं हात आवरला.

यंदाच्या थंडीत काकू वारल्या.

परवा फ्रीवेवर गाडी अडकली होती. मागच्या सीटवर लेकीनं न्हाव्याची गोष्ट लावली. न्हावी खाटेवरून उठणार, इतक्यात काकू थांबल्या. "बरं, तू आज काय खाल्लंस?"

गाडीत शांतता. मी आरशात पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

"पास्ता खाल्ला, आजी," ती म्हणाली. "थोडा उरला."

"अस्सं," काकू म्हणाल्या, आणि गोष्ट पुढे सुरू झाली.