बंबाच्या वाटेतली माणसं

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. पण घंटा वाजवत सुटलेल्या बंबावर बसून तुम्ही सुरतेतून गेलात, की स्टेशनला परत येईपर्यंत एखादा तरी पदरात पडलेला असतोच. माझ्याकडे तर इतके झालेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो, अगदी आगीच्या ठिकाणी लोक घुसायचे तसा!

मी मुळात बंबवाला नाही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत ड्रिल मास्तर होतो. आग कशी विझवतात ते मुलांना दाखवायला फायर स्टेशनचे देसाईसाहेब एकदा शाळेत आले आणि नेमका माइक बंद पडला. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, तुम्हीच बोला. मी बोललो. मैदानापलीकडच्या रस्त्यावरचे टांगेवालेसुद्धा टांगे थांबवून ऐकायला लागले. साहेबांनी माझा आवाज तिथंच हेरला.

त्या दिवसांत त्यांना आगीपेक्षा गर्दीचा ताप जास्त होता. नियम सगळे होते. बंबाची घंटा ऐकू आली की गाडी कडेला घ्यायची, पाण्याच्या पाइपवरून चाक न्यायचं नाही, दोरी बांधली की ओलांडायची नाही, बंबाच्या मागे मागे यायचं नाही. फक्त हे नियम लोकांना कुणी सांगितले नव्हते. साहेबांनी वरच्यांशी बोलून मला मागून घेतलं. शाळा सकाळची असायची, दुपारपासून मी बंबावर. हातात पत्र्याचा भोंगा आणि काम एकच, ओरडायचं!

आगीला कुठंही जायचं झालं की आमची तीन डोकी ठरलेली. देसाईसाहेब, मी आणि ड्रायव्हर काशिनाथअप्पा. अप्पा पारोळ्याकडचे. घरात अहिराणी, बंबावर हिंदी आणि बैलगाडी आडवी आली की अस्सल सुरती. साहेब पक्के सुरती, पण माझ्याशी हट्टानं मराठी बोलायचे.

* * *

पहिल्याच दिवशी बेगमपुऱ्यात लाकडाच्या वखारीला आग. आम्ही पोचलो तर अर्धा बेगमपुरा आमच्या आधी हजर. कुणी पाइप ओढू लागतोय, कुणी शिडी धरतोय, एक म्हातारे गृहस्थ साहेबांचा हात धरून पाणी कुठं मारावं ते समजावताहेत. साहेबांनी मला खूण केली.

मी बंबाच्या टपावर चढलो. रात्रभर पाठ केलेली गुजराती वाक्यं त्या धुरात कुठल्या कुठं गेली. तोंडातून आलं ते शाळेच्या मैदानावरचं. "जागच्या जागी... थांब!"

गर्दी थांबली. अगदी टाच वाजवल्यासारखी थांबली. माझी छाती फुगली. मग लक्षात आलं, की बंबाकडची धावपळही थांबलीय. वळून बघतो तर शिडीवर एक पाय ठेवलेला फायरमन तसाच, पाइप उलगडणारे दोघं तसेच, आणि नळाशी वाकलेला चौथा वाकलेलाच.

साहेब बंबापाशी आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मास्तर, सगळे थांबले. आता आगला पण सांगा."

* * *

वरातीचं म्हणाल तर आमच्या नशिबात वराती फार. सुरतेत लग्नसराई असली की एकही रस्ता बिनवरातीचा सापडत नसे.

एकदा गोपीपुऱ्याकडे आग लागल्याची वर्दी आली. अप्पांनी बंब काढला आणि पुढच्याच वळणावर बँडवाले, पेट्रोमॅक्स डोक्यावर घेतलेल्या बाया, पाहुणे आणि घोडीवर नवरदेव. अप्पा घंटा बडवताहेत, मी भोंग्यातून रस्ता द्या म्हणून ओरडतोय, आणि वरातीला वाटतंय की बंब वरातीतलाच आहे! मुलीचे वडील सामोरे आले. वरपक्षानं लायबंबो, म्हणजे आगीचा बंब, आणलाय, केवढा हा थाट, म्हणून त्यांनी बंबाच्या तोंडाला हार घातला. पाहुण्यांतल्या दोघांनी अप्पांवर गुलाबपाणी शिंपडलं.

साहेब खाली उतरले आणि खरं काय ते सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. बँडवाल्यांनी मात्र कमाल केली. वाजवणं न थांबवता ते शिस्तीत भिंतीला चिकटले. रस्ता मोकळा झाला. अप्पांनी बंब सोडला, घंटा घणघण वाजली आणि आम्ही सुटलो.

आगीच्या ठिकाणी दोरी बांधली. गर्दी मागे सरकवत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी टापांचा आवाज. फेटा, तुरा, कमरेला तलवार असा नवरदेव घोडीवर बसून थेट दोरीपाशी येऊन थांबलेला. मी चिडलो. बंबाच्या मागे यायची बंदी आहे हे त्याला भोंग्यातूनच सुनावलं, सगळ्या गल्लीनं ऐकावं म्हणून.

बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी घोडीची आयाळ गच्च धरली होती. हात जोडता येत नव्हते म्हणून मानेनंच नमस्कार करून म्हणाला, "साहेब, हुं नथी आव्यो. घोडी आवी छे."

* * *

आगीसाठी रस्त्यात जागोजागी पाण्याचे नळ असतात, वर लोखंडी झाकण. ते झाकण मोकळं ठेवायचं हाही नियम. आमच्या हद्दीत रतिलाल नावाचा एक खमणवाला होता. त्याच्या टोपल्या कायम त्या झाकणावर. साहेबांनी समजावलं, दटावलं. साहेबांची पाठ वळली की टोपल्या परत झाकणावर!

शेवटी साहेबांनी मला तिथं उभं केलं. रविवारी सकाळी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. रतिलालनं झाकणावर टोपली ठेवली की मी भोंगा लावून नियम म्हणायचा. लोक खमण सोडून माझ्याकडे बघायला लागले. दुपार व्हायच्या आत रतिलाल शरण आला. नुसता शरण आला नाही, तर झाकणाभोवती त्यानं स्वतःच्या हातानं पांढरं वर्तुळ रंगवलं आणि तिथं सायकल टेकवणाऱ्यावरही झारा घेऊन धावू लागला.

पुढं त्याच गल्लीत साड्यांच्या एका गोदामातून धूर निघाला. अप्पांनी बंब आणला आणि घाईत पुढचं चाक पांढऱ्या वर्तुळावर गेलं. रतिलाल झारा घेऊन आडवा. म्हणाला, "लायबंबो होय तो शुं थयुं? अहीं कोई ऊभुं नहीं रहे. देसाईसाहेबनो हुकम छे."

देसाईसाहेब अप्पांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी क्षणभर रतिलालकडे पाहिलं, मग समोर बघत अप्पांना म्हणाले, "घ्या मागे."

अप्पांनी बंब मागे घेतला. मग रतिलालनं स्वतः झाकण उघडून दिलं.

* * *

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मी निर्धास्त असायचो. त्या दिवशी सुरतेत रस्त्यावर माणूस नसतो, सगळं शहर गच्चीवर. गर्दीच नाही तर मला काम काय?

आणि नेमकी त्या दिवशी गवताच्या एका वखारीला आग. फायरमन शिडीवर चढला तर वरून मांजाच मांजा. एकाच्या हेल्मेटचा पट्टा कापला, जरा खाली असता तर गळाच होता. मी गच्च्यांकडे भोंगा करून ओरडलो, पतंग उतरवा. घसा फाटेपर्यंत ओरडलो. वर थाळ्या वाजताहेत, पिपाण्या वाजताहेत, माझं कोण ऐकतो! खाली दोरी बांधता येते, आभाळात कुठं बांधणार?

साहेबांनी वर पाहिलं, शिडीवरच्या माणसाचा गळा पाहिला आणि पाइप धरणाऱ्याला हातानंच खूण केली. पाण्याची धार सरळ वर गेली. डोक्यावरचे सगळे पतंग भिजून पटापट खाली आले.

मला वाटलं, आता वरून सुरती शिव्यांचा पाऊस पडणार. पण एकदम चारी बाजूंनी पतंग कापल्यावरची आरोळी उठली, "काइपो छे!" आणि आमच्या पाइपवाल्यासाठी थाळ्या वाजायला लागल्या. त्यानंतर मात्र आग विझेपर्यंत एकही पतंग वर चढला नाही.

* * *

एका वकिलानं आमच्या पाइपवरून स्कूटर नेली. पाइप फुटला, वकीलसाहेब नखशिखांत भिजले, आणि आत आग विझवणाऱ्यांचं पाणी तुटलं ते वेगळंच. साहेबांनी खटला भरला. वकिलानं स्वतःच स्वतःची बाजू मांडली. म्हणणं एकच, की पाइपवरून गाडी नेऊ नका असं मला कुणी सांगितलंच नाही.

मी साक्षीला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तुम्ही ओरडला होतात का? म्हटलं, हो. ते म्हणाले, कसे ओरडलात ते दाखवा. मी चाचरलो. कोर्टात ओरडायचं म्हणजे काय! भोंगाही बाहेर काढून ठेवायला लावला होता. पण हुकूमच झाला. मी डोळे मिटले, ती आग डोळ्यांपुढं आणली आणि ओरडलो. मॅजिस्ट्रेटच्या टेबलावरचे कागद हलले. छतातली कबुतरं उडाली. शिरस्तेदाराच्या हातातली दौत सांडली.

मॅजिस्ट्रेटनी कान चोळत वकिलाला विचारलं, हे ऐकू आलं नव्हतं? वकील कसलेला गडी. म्हणाला, माझ्या आणि यांच्यामध्ये रस्ता होता, रस्त्यापलीकडं इतकं ऐकू येणं शक्यच नाही.

तेवढ्यात दार ढकलून एक शिपाई आत शिरला. रस्त्यापलीकडच्या कचेरीतला. दोन्ही हातांत वाळूच्या बादल्या, धापा टाकतोय. मॅजिस्ट्रेटना बघून त्यानं विचारलं, "साहेब, आग कई बाजु छे?"

* * *

सत्तरनंतरचं एक वर्ष. भर दुपार. वर्दी आली ती उधन्याकडच्या एका चाळीची. पत्ता ऐकल्यावर अप्पांनी नेहमीपेक्षा जोरात बंब काढला, एवढंच. उधना दरवाजा ओलांडल्यावर मला आठवलं, की अप्पा त्याच चाळीत राहतात.

लागून लागून खोल्या, वर कौलं, कौलांखाली जुनी लाकडं. टोकाच्या खोलीत कुणीतरी सुताची पोती ठेवली होती, ती पेटली होती. आम्ही पोचलो तेव्हा दुसरी खोली गेलेली आणि तिसरीच्या छतानं पेट घेतलेला. तिसरी अप्पांची. तिच्यापुढं सगळी चाळ. साहेबांनी एक चक्कर मारली आणि अप्पांपाशी आले. म्हणाले, तिसरी वाचत नाही, पाणी चौथीपासून पुढं मारायला लागेल. अप्पांनी मान हलवली आणि पंप सुरू केला.

पंपावर असतो त्यानं काट्यावरून नजर काढायची नसते. पाण्याचा जोर कमी पडला तर आत पाइप धरून उभी असलेली पोरं आगीच्या तोंडी जातात. म्हणून पंपावरच्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, हाही आमचा नियम. मी दोरी बांधली आणि तोच आधी ओरडून सांगितला. मराठीत, गुजरातीत, हिंदीत.

दोरीच्या अगदी पुढं सुमनवहिनी होत्या, अप्पांच्या बायको. कडेवर लेकरू. अप्पा त्यांच्याकडे पाठ करून उभे, हाक मारली तर सहज ऐकू जाईल इतक्या अंतरावर. चाळीतल्या बाया त्यांना पुढं ढकलत होत्या. अगं तुझा नवरा आहे, तुझं घर जळतंय, जा, सांग त्याला, आपल्या घरावर पाणी मार म्हणावं. एक तर त्यांना शिव्याच द्यायला लागली. वहिनींनी एका मुठीत दोरी धरली होती. त्या तिथून हलल्या नाहीत.

मला राहवलं नाही. मी दोरी वर उचलली आणि त्यांना खुणेनं म्हटलं, जा. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

तिसऱ्या खोलीचं छत खाली आलं. बायांनी एकच आकांत केला. तो आवाज अप्पांनी ऐकला नसेल असं होणार नाही. त्यांची मान हलली नाही, हात तसाच पंपावर. चौथी खोली वाचली. पुढची सगळी चाळ वाचली.

आग विझल्यावर साहेबांनी स्वतः पंप बंद केला आणि अप्पांचा हात त्यावरून काढला. अप्पा वळले, दोरीपर्यंत आले आणि थांबले. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आते बोलू का?"

मी मान डोलावली.

त्यांनी लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, पदराआडून जेवणाचा डबा काढला आणि दोरीवरून अप्पांपुढं धरला.

"सकाये डबा राही गयथा तुमना. तोच लिसन निंघनथू मी."