चादरीतला जोड

हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या गच्चीवर जुन्या चादरीवर वाल पसरून निवडत होत्या. तिथपर्यंत यायला मला बावीस वर्षं लागली, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, माहेर जवळच्याच धूलकोट गावचं. मी आमच्या गावात शनवारा दरवाज्यापलीकडे चादरी छापणाऱ्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघायचो. वहिनींनी उशीच्या अभ्र्यासाठी काढलेली वेल मीच एकदा शेठना दाखवली. तेव्हापासून गावातल्याच लालबाग भागातल्या आमच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, कारखान्याची नक्षी होऊ लागली. कागद नेणं-आणणं माझ्याकडे होतं.

छपाईत नक्षीचा एकच चौकोन पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून सगळं कापड भरतात. चौकोनाला चौकोन लागतो तिथे फूल तुटलं की कापड वाया गेलं. वहिनी आधी कागदाच्या मध्यावर नक्षी काढायच्या, कडा कोऱ्या सोडायच्या. मग कागद उभा कापून डावा तुकडा उजवीकडे ठेवायच्या, आडवा कापून वरचा खाली आणायच्या आणि मागून चिकटवायच्या. कोऱ्या कडा अशा आत यायच्या, मधोमध, बेरजेच्या खुणेसारख्या. ती जागा भरली की झालं. बाहेरच्या नव्या कडा एकाच कापातून निघालेल्या, त्या एकमेकींना जुळायच्याच. हे कुणी शिकवलं, असं विचारलं की म्हणायच्या, कागद वाया घालवून घालवून आलं.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ स्कॅनर. कोणत्याही चित्रावरून चादर छापता येईल असं काही कर, असं शेठ म्हणाले. मी क्लासला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकलो होतो आणि कुणीतरी मला काही विचारावं याची वाटच बघत होतो. माझा पहिला प्रोग्राम चित्राची एक कड दुसरीत विरघळवायचा. केळीच्या पानाचा फोटो घातला, तर कडेला धुकं साचलं. चार चौकोन शेजारी लावल्यावर नुसती खिडकीची जाळी. तीन महिने मी त्या धुक्याशी झटत होतो.

एका रविवारी दुपारी वहिनी कागद कापत होत्या. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी लक्ष देऊन पाहिलं. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम तयार होता. चित्र अर्ध्याने सरकवायचं, बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत घ्यायचा आणि मधे आलेला जोड त्याच चित्रातले तुकडे उचलून बुजवायचा. करून बघायला हाताशी वहिनींचीच कपाशीच्या बोंडांची नक्षी होती. कडा अजून कोऱ्या होत्या. त्या प्रोग्रामने भरल्या, त्यांच्याच बोंडांनी.

शेठ पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये दिमाग किसका है?"

मी म्हणालो, "मेरा."

भाभीजींचं काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्यांना आता घरचंच फार होतं, त्यांनाच हे काम सोडायचंय. घरी येऊन वहिनींना सांगितलं की शेठनी हाताचं काम बंद केलं, आता सगळं कॉम्प्युटरवर. वहिनी "बरं" म्हणाल्या. कात्री पुसून शिवणाच्या डब्यात ठेवली. टेबलावर काही दिवसांनी मुलांची दप्तरं दिसू लागली.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीच बोललो नसतो. पण कापडाचा पहिला तागा छापून आला आणि घोळ झाला. जवळून जोड कुठेच दिसत नव्हता, पण कापड दोरीवर टाकून लांबून पाहिलं की बोंडांच्या रांगा दिसायच्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. शेठ माझ्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाभीजी को एक बार बुला लो. उनकी नज़र चाहिए."

हा निरोप मी घरी दिला नाही. चहा घेता घेता, सहज आठवल्यासारखं, वहिनींना विचारलं की नक्षीत अशा रांगा का पडत असतील.

"सगळ्यात मोठं बोंड मधोमध असंल," त्या म्हणाल्या. "डोळा त्यालेच धरतो, भाऊजी. त्याले कोपऱ्याकडे सरकवा, अन् तेवढंच मोठं आणखी एक दुसरीकडे टाका."

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, चूक सापडली. भाभीजी मात्र सवड नाही म्हणाल्या. त्या मालातली एक चादर दिवाळीला मला मिळाली, ती घरात वापरात आली.

मी असं का केलं? नोकरी जाण्याची भीती नव्हती. शेठ दर वेळी कागद उलगडून भाभीजींचं कौतुक करायचे आणि मी समोर रिकामी पिशवी घेऊन उभा असायचो. ते मला सलत होतं. इतकं साधं कारण आहे.

वहिनींनी पुन्हा कागद कापला नाही. आम्हीही कुणी विचारलं नाही.

परवा गच्चीवर त्यांच्यासमोर बसून हे सगळं बोललो, शेठच्या निरोपासकट. त्यांचे हात वाल निवडतच होते.

"बोंडं माझी होती, हे मले चादर घरात आली त्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ते सोडा. शेठनं बोलावलं होतं, हे नव्हतं मालूम."

मी चादरीबाहेर घरंगळलेला एक वाल उचलून परत टाकला.

"काय म्हणाले होते? तसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग वाल तळहाताने बाजूला सारले, खालच्या विटलेल्या, त्याच दिवाळीच्या चादरीवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"इथं मी पान टाकलं असतं," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. तिथे, प्रोग्रामने भरलेल्या जोडात, एकच बोंड शेजारी शेजारी दोनदा आलं होतं.