कापूर कुणाच्या तळहातावर?

कौसल्या, माझी आई. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत धुणीभांडी करायची. मी कॉलेजात होते त्या वर्षी, नवरात्रातल्या अष्टमीला, संध्याकाळच्या आरतीत सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या उजव्या तळहातावर पेटता कापूर ठेवला गेला.

"देवी खरी असेल तर भाजायचं नाही," तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

त्याच हॉलमध्ये, आरतीच्या जरा आधी, एका निवृत्त प्राध्यापकांचं प्रवचन झालं होतं. सर पहाटे ध्यानाला बसले होते म्हणे. आतून प्रकाश दिसला, काळ थांबला, डोळे वाहायला लागले. "मंडळी, देवाला आणखी पुरावा कशाला हवा? अनुभूती हाच पुरावा!" माना डोलल्या. आदल्या रात्री झोप नीट झाली होती का, असं कुणी विचारलं नाही.

मग आरती. आई आणि मी दाराशी, चपलांजवळ उभ्या. झांजा चढत गेल्या तशी आई घुमायला लागली, अंगात देवी आली. केस सुटले. आमच्या वस्तीत असं झालं की बाया ओटी घेऊन पुढे येतात, पाया पडतात. इथे सगळे मागे सरकले.

"काय कौसाबाई, उद्या सुट्टी हवीय वाटतं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

हशा.

आणि मग कापूर. हात आईनेच पुढे केला. तेच मला छळतं. तिला खात्री होती. ज्योत तळहातावर होती आणि तिचा चेहरा शांत. तसा शांत मी तो घरात कधीच पाहिला नव्हता. मग ती किंचाळली.

"बघा. ढोंग नुसतं." काकूंनी आरतीचं ताट उचललं.

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, आता तुमचा हात. तुम्हालाही प्रकाश दिसला ना?"

सर मंद हसले. "अगं, ते वेगळं असतं. तुला नाही कळायचं."

देवी पुन्हा आईच्या अंगात आली नाही. आई अजून तळहात उघडून बघत बसते. "देवी हाय गं. मीच कमी पडले."

मी देव मानत नाही. अंगात येण्याविरुद्ध पत्रकं वाटते, सभा घेते. थकवा, मेंदू, झांजांचा ठेका, सगळं आईला सांगून झालं. ती ऐकून घेते. पण कापराचा वास आला की तो शांत चेहरा समोर येतो, आणि तो माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नाही. त्याने देव सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. सरांच्या प्रकाशानेही होत नाही. पण भाजली फक्त माझी आई.

तुम्हीही अशाच हॉलमध्ये बसता. पुढच्या वेळी कुणी अनुभूतीचा पुरावा द्यायला लागलं की मान डोलवू नका. उठा. तळहात पुढे करा म्हणा त्यांना. तेवढी हिंमत नसेल, तर माझ्या आईसारख्यांसाठी उचललेली कापराची डबी खाली ठेवा. आत्ता.