एकटीचा मलिदा

भिजवलेल्या पोह्यांचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास आला, की आई आठवते. इस्रायलमधल्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून गेलेल्या मराठी ज्यूंच्या, घरात एलियाहू नबीच्या नावाचा हा पोहे-खोबऱ्याचा मलिदा कुणी एकट्याने खात नसे.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये मात्र, तेल अवीवच्या वर्तमानपत्राला बातमी पाठवून झाल्यावर, मी माझ्यापुरताच मलिदा कालवला, व्हायोलिन उचलले आणि आईचे मराठी कीर्तन भिंतींपुरत्या आवाजात गाऊ लागले. तेवढ्यात दार वाजले. शेजाऱ्यांची तक्रार असणार, म्हणून दार उघडताच मी जर्मनमध्ये क्षमा मागितली.

दारात खालच्या मजल्यावरच्या पुणेकर इंजिनिअरची आई उभी होती. गाण्यातली मराठी ऐकून त्या जिना चढून आल्या होत्या. माझ्यामागचे न उष्टावलेले ताट त्यांनी पाहिले आणि विचारले,

“जेवलीस?”