सावली उजळल्यावर दिसलेले पट्टे

त्या फोटोत खरंच काय होतं, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भंडाऱ्यात फोटोग्राफीचा कोर्स घेतला तेव्हा त्यात नेमकं काय शिकवतात हे घरी कोणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत कॉलेजचा कॅमेरा घेऊन मी गावी गेले. पहाटे आई फुलं वेचायला निघाली, तिच्यामागे मीही निघाले. आमच्याकडे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. आमचं झाड सगळ्यांपासून लांब, जंगलाला लागून. फुलं नीट दिसावीत म्हणून आईने खालचा पाचोळा आधीच जाळला होता. त्या काळ्या जमिनीवर ती वाकलेली होती आणि समोरून सूर्य वर येत होता. आकाश पांढरंफटक होऊ नये म्हणून मी प्रकाश कमी घेतला. आकाश सुंदर आलं. आई मात्र नुसती काळी आकृती झाली.

रॉ फाइलच्या, म्हणजे कॅमेऱ्याने जशाच्या तशा साठवलेल्या फोटोच्या, अंधारातही बरंच काही शिल्लक असतं, असं सरांनी शिकवलं होतं. भंडाऱ्याला परतल्यावर शनिवारी दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये मी ती फाइल उघडली. आकाशाची चमक कमी केली आणि सावल्या हळूहळू उजळत नेल्या. आधी आईचं लुगडं दिसलं, मग टोपली, मग तिची बोटं. इतका आनंद झाला की अजून थोडं उजळलं. तेव्हा तिच्यामागच्या झुडपात पट्टे दिसले. पिवळट, मध्ये काळे. वर दोन ठिपके.

मी पडद्यावर बोट ठेवून शेजारणीला दाखवलं.

"अवं, नॉइज आहे तो," शेजारी बसलेली लाखनी गावची मैत्रीण म्हणाली. "सावली इतकी ओढशील तं दगडातही वाघ दिसन!"

तिचं बरोबर असेल. फार उजळलं की नॉइजचे, म्हणजे फोटोतल्या दोषाचे, असे पट्टे उमटतात, हे आम्हाला दाखवलं होतं. पण ते सरळ असतात. हे मला वाकडे वाटत होते. मी सावल्या पुन्हा काळ्या केल्या, तर आईच्या मागे काहीच उरलं नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. पहाटे तिथे उभं राहून आईलाही एवढा अंधारच दिसणार होता.

फोनवर काय सांगावं ते सुचेना. संध्याकाळच्या एसटीने मी गावी गेले.

"काहून आली वं मधातच?" आईने विचारलं.

मी मोबाइलवर फोटो दाखवला. तिने आधी स्वतःलाच पाहिलं. "अशी वाकते का मी?"

"मागं पाह्य, माय. झुडपात."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "वाघ हाय का?"

"माहीत नाही. फोटोचा दोषही असू शकते."

"एवढी शिकली अन् माहीत नाही?" ती हसली, पण फोन परत देईना.

"उद्या जाऊ नको."

"अन् फुलं? ढोरं खाऊन टाकतीन सारी." मग म्हणाली, "तू येशील का संगं?"

वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, असं गावात म्हणतात. म्हणून सकाळी मी काठी घेऊन ताठ उभी राहिले, तिच्याकडे पाठ आणि झुडपाकडे तोंड करून.

"बोलत राय," आई म्हणाली. "जोरानं."

काय बोलू? मग कोर्सचा धडाच ओरडून सांगायला लागले: उजेड जास्त झाला तर काय होतं, अंधारात किती शिल्लक राहतं. आवाज कापत होता. आई मागून "मंग?" म्हणायची, आणि मी पुढचं सांगायची.

झुडपात काहीतरी हललं. वारा असेल. मी गप्प झाले. मागे फुलं टोपलीत पडण्याचा आवाजही थांबला.

"थांबू नको वं," आई हळूच म्हणाली. तिचा आवाज माझ्यासारखाच कापत होता. तोपर्यंत मला वाटत होतं की घाबरलेली मी एकटीच आहे.

मी एक पाऊल मागे सरकून तिच्या पाठीला टेकले आणि पुन्हा मोठ्याने सुरुवात केली.