पायांवरचं पाणी

भंडारदऱ्याला आम्हा चौघांना दोन तंबू दिले होते. पहिल्याच संध्याकाळी आईने सगळी अंथरुणं एका तंबूत ओढली. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही एका छताखाली झोपलोच नव्हतो. सगळे मावतील अशी भाड्याची जागा जवळपास मिळाली नाही, म्हणून आई-बाबा शिवडीला, धाकटा भाऊ कांदिवलीला आणि मी कामोठ्याला. दोन रात्री बाबांचं घोरणं ऐकत झोपलो आणि मला इतकी गाढ झोप लागली की स्वतःचाच राग आला. एवढ्याशा सुखासाठी डोंगर चढून यावं लागलं.

शेवटच्या दिवशी तंबू आवरायला कोणालाच घाई नव्हती. भावाने एकच दोरी तीनदा गुंडाळली. आई म्हणाली, "अजून एक चहा घेऊया रे." आम्ही दोन घेतले.

परतीला भाड्याच्या गाडीत बाबा ड्रायव्हरशेजारी बसले. त्याने विचारलं, "काका, कुठे सोडायचं?" ठरलं होतं शिवडी. बाबा सवयीने म्हणाले, "लालबाग. मार्केटच्या पुढे, चाळीच्या गेटशी."

मी तसा गप्प बसणारा नाही. कोणी चुकलं की माझी जीभ वळवळते. पण त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आई मांडीवरच्या पिशवीचे बंद उगाच आवळत बसली. भावाने डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता, मला ठाऊक आहे.

गाडी गेली तेव्हा आम्ही सामानासकट निळ्या पत्र्यांसमोर उभे होतो. आत चाळीच्या जागी खड्डा. बाबा ओशाळले. "माझ्या ध्यानातच नाय रवला," म्हणाले.

बाहेरगावाहून आलं की आई दाराशीच पायांवर पाणी घालायची, त्याशिवाय घरात पाऊल टाकू द्यायची नाही. त्यासाठी चाळीत दाराबाहेर कळशी भरलेली असे. शिवडीच्या ब्लॉकमध्ये समोर दुसऱ्याचं दार, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

तिने पिशवीतून उरलेल्या पाण्याची बाटली काढली. "चपला काढा," म्हणाली. भर फुटपाथवर आम्ही तिघांनी काढल्या. तिने आधी बाबांच्या, मग आमच्या पायांवर पाणी घातलं आणि उरलेलं स्वतःच्या.

चपला घालून बाबांनी शिवडीसाठी टॅक्सी थांबवली, भाऊ दादरकडे निघाला आणि मी पनवेलच्या बससाठी रस्ता ओलांडला. पाय अजून ओले होते.