माडीवरची दुपार
कुंभकोणमच्या आमच्या घरी माडीवर एक शिंपीणबाई भाड्याने राहतात. तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांवरचे ब्लाऊज शिवतात. दिवसभर दोन-दोन पंखे, आणि वीजबिल माझ्याकडे! मी सकाळी वर गेलो की करवादायचो, "अहो, वीज किती जाळता?"

"अण्णा, एकदा दुपारी येऊन बसा," त्या म्हणायच्या.

दुपारी मी खाली माजघरात गारव्याला झोपलेला असायचो. एकदा बायकोचा ब्लाऊज आणायला भर उन्हात वर गेलो. डोक्यावरची गच्ची तव्यासारखी तापलेली, दोन्ही पंखे गरम वाराच फेकत होते.

त्याच आठवड्यात गच्चीला पांढरा चुना मारून घेतला. आता त्यांना एक पंखा पुरतो. त्यांनी आभार मानले, तेव्हा मी मान खाली घातली. इतकी वर्षं गच्चीचं ऊन त्यांची माडी झेलत होती, म्हणूनच खाली माझं माजघर गार होतं.